घरचा आवाज

रणजित वरुटेला कुठलीही वस्तू नुसती वापरता यायची नाही, ती आधी आतून बघावी लागायची. फोन असो, घड्याळ असो की नवं ॲप, हातात आलं की पठ्ठ्या सेटिंगच्या पानांत हरवलाच म्हणून समजा. या खोडीलाच त्याने पोटापाण्याचं साधन केलं होतं. पुण्यात बसून तो दर रविवारी 'उघडून बघितलं' नावाचं सदर लिहायचा, आणि कुणाला काही नवं घ्यायचं झालं की आधी रणजितने काय म्हटलंय ते वाचलं जायचं. त्याची मतं ठाम असत. जे ॲप वापरायला लागण्याआधीच तारे मागतं ते काढून टाकावं. ज्याला चालायला इंटरनेट लागतं तो फ्रिज नव्हे, घरात घेतलेला पोटभाडेकरू. फुकट मिळणाऱ्या सेवेत आपण गिऱ्हाईक आहोत की माल, ते एकदा विचारून घ्यावं. आणि सगळ्यांत गाजलेलं मत म्हणजे, कंपनीने आधीच चालू करून ठेवलेलं सेटिंग हा तुम्हाला न विचारता कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. हे वाक्य कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी टी-शर्टवर छापलं होतं.

नातेवाइकांत मात्र या विद्वत्तेचा अर्थ एवढाच होता, की नवा फोन घेतला की तो रणजितकडे द्यायचा. लग्नाकार्यात लोक पंगतीला बसलेले आणि हा कोपऱ्यात, पुढ्यात मामा-मावश्यांच्या फोनांचा ढीग. तो सगळं लावून द्यायचा आणि वर स्वतःचा पासकोड घालून ठेवायचा, म्हणजे कुणी उगाच बोटं मारून बिघडवायला नको. लोकांना न विचारता त्यांचे निर्णय तो स्वतःही घेतो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कुणी तसं म्हटलंही नव्हतं, कारण सगळ्यांची सोयच होत होती.

त्याचे आईवडील इचलकरंजीत राहायचे. वडील श्रीपती वरुटे, म्हणजे आण्णा, यांचा उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला होता. आई मालन त्याच शेडमध्ये मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिथे कानांचा उपयोगच नसतो, माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. या दोघांचं लग्नसुद्धा तसंच, एकमेकांचा आवाज ऐकण्याआधी ओठ वाचून जमलेलं. पुढे माग बंद झाले आणि आण्णांचे कानही गेले. आधी आणलेलं श्रवणयंत्र सगळंच मोठं करून ऐकवायचं, पंखा, भांडी, रस्त्यावरची रिक्षा, आणि या गलबल्यात माणसाचं बोलणं बुडून जायचं. आण्णांनी ते डबीत घालून कपाटात टाकलं आणि पुन्हा बायकोच्या तोंडाकडे बघून संसार चालू ठेवला.

मग बाजारात 'कानोसा' नावाचा श्रवणयंत्राचा नवा प्रकार आला. रणजितने तो परीक्षणासाठी मागवला, उघडून बघितला आणि अक्षरशः वेडा झाला. गोष्ट साधी होती. म्हाताऱ्या कानाला आवाज पोचतो, पण स, त, क, फ असली बारीक व्यंजनं पोचत नाहीत, त्यामुळे शब्दांचा नुसता लगदा ऐकू येतो. कानोसा आवाज मोठा करतच नव्हता. तो समोरच्याचं बोलणं ऐकायचा, हे वाक्य काय असणार ते ओळखायचा, आणि पापणी लवायच्या आत तेच वाक्य त्याच माणसाच्या आवाजात नव्याने बोलून कानात सोडायचा. कानात येणारा प्रत्येक शब्द यंत्राने घडवलेला, पण ऐकणाऱ्याला वाटावं की समोरचाच बोलतोय. जिथे शब्द नीट कळला नाही, तिथे यंत्र अंदाजाने भर घालायचं. आपण नाही का, ओळखीच्या माणसाचं अर्धं वाक्य मनातच पुरं करत? तेच ते करायचं.

हा अंदाज किती करू द्यायचा, त्याचं सेटिंग होतं. नाव 'घरचा आवाज'. कंपनीने ते सगळ्यांत खाली ठेवलं होतं. रणजितने ते सगळ्यांत वर नेलं. एवढ्यावर भागवलं असतं तर तो रणजित कसला? आईने वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर पाठवलेले आवाजी निरोप त्याने जपून ठेवले होते. जेवलास का, थंडी पडलीया, पोराला टोपी घाल, लटक्यांच्या घरी बारसं झालं, असले शेकडो निरोप. ते सगळे त्याने यंत्राला शिकवायला दिले. आई काय बोलते, कशी बोलते, कशावरून कशावर जाते, हे त्या मटाराएवढ्या वस्तूला तोंडपाठ झालं. मग सगळी सेटिंगं आपल्याच फोनवर ठेवून पासकोड घातला आणि दिवाळीत ते यंत्र आण्णांच्या कानात बसवलं.

आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने काहीतरी विचारलं आणि आण्णांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. आई वळली. तिने पुन्हा काहीतरी विचारलं, मुद्दाम भिंतीकडे तोंड करून. आण्णांनी त्याचंही उत्तर दिलं. मग दोघं लहान पोरांसारखी हसत सुटली.

"आता तुज्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई," आण्णा म्हणाले.

"बगा की तरीबी," आई म्हणाली.

त्या आठवड्याचं सदर रणजितने डोळे पुसत लिहिलं. ते त्याचं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण ठरलं.

पुढच्याच वर्षी, उन्हाळ्यात, आईला अर्धांगवायूचा झटका आला. दुपारी शेजारच्या लटकेवहिनी पातेलं मागायला आल्या, तर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, तोंड वाकडं, उजवा हात मांडीवर निपचित. आण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, की शेवटचं नीट कधी बोलत होत्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, म्हणून तो प्रश्न महत्त्वाचा होता.

"आत्तापतूर बोलतच हुती की," आण्णा म्हणाले. "सकाळपास्नं बोलतीया. ह्या वहिनी आल्या तवाबी बोलली."

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो बघितला आणि मान हलवली. हा झटका सकाळचा आहे, ते म्हणाले, इंजेक्शनची वेळ निघून गेली. आण्णा हटून बसले की नाही, ती बोलत होती. घाबरलेल्या म्हाताऱ्याचा गोंधळ झाला असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुण्याहून धावत आलेल्या रणजितलाही तसंच वाटलं.

आई वाचली. उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा गेली. तिला सगळं कळायचं, पण बोलायला गेलं की तोंडातून नुसते ओबडधोबड आवाज यायचे. वाचेचे उपचार करणाऱ्या फरीदा मुजावर घरी येऊ लागल्या. चित्रांचा तक्ता दाखवून, ओठ दाबून, गाणं म्हणून घेऊन त्या आईकडून एकेक शब्द काढायला बघत. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, त्या म्हणाल्या, मेंदू याच काळात नवी वाट शोधतो.

आण्णांना मात्र हा सगळा उद्योग कळेना. "चित्रं कशाला दावताय? ती बोलती की. तुमास्नी कळत न्हाई, मला कळतंय." आणि ते खरंच तिच्यापाशी तासन्‌तास बसून बोलायचे. आई घशातून काहीतरी काढायची, आण्णा ऐकायचे, हसायचे, उत्तर द्यायचे. बघणाऱ्याला गलबलून यावं असं ते दृश्य होतं.

इथे रणजितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान त्याला तसं वाटलं. आईचा आवाज पुरेपूर शिकलेलं यंत्र तिच्या मोडक्या बोलण्यातूनही खरा अर्थ ओळखत असणार. डॉक्टरांना जमत नाही ते कानोसाला जमतंय. दुसरा कुठला उत्साही असता तर घरच्यांना सांगून गप्प बसला असता, पण रणजितचं सदर होतं. त्याने लिहिलं, की वाचा गेलेल्यांना वाचा देणारं यंत्र आपल्या कानांत आलंय आणि आपल्याला पत्ताच नाही. घरचा आवाज पूर्ण वर कसा न्यायचा, ते चित्रांसह समजावलं. लेख लोकांनी डोक्यावर घेतला. आणि आण्णांना समजतंयच तर आईला कशाला दमवा, म्हणून फरीदाबाईंचं येणंही त्याने बंद केलं.

आई त्या दिवसांत सारखी डाव्या हाताने कानाकडे खूण करायची. तिचा कान दुखत असेल म्हणून रणजितने थेंब आणून घातले. तिने मान झटकली, थेंब गालावर ओघळले. ती रडली तेव्हा, आजारात माणूस हळवं होतं, असं सगळे म्हणाले.

पाऊस सरता सरता एका रविवारी रणजित घरी आला होता, तेव्हा फरीदाबाई न बोलावता आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, "तुमचा लेख वाचला. माझे तीन पेशंट यायचे बंद झालेत. ते यंत्र मला बघायचंय."

रणजितने उत्साहाने आत नेलं. आण्णा खाटेशेजारी खुर्चीत बसले होते. फरीदाबाई त्यांच्याकडे पाठ करून आईसमोर बसल्या, पिशवीतून कात्री काढून फक्त आईला दिसेल अशी धरली आणि म्हणाल्या, "हे काय आहे, सांगा." आईने जोर लावला. गळ्याच्या शिरा ताणल्या, एक घोगरा आवाज निघाला.

"काय म्हणाल्या?" फरीदाबाईंनी आण्णांना विचारलं.

"म्हणती, उन्हाचं कशाला आलीस पोरी, बस, च्या घे."

फरीदाबाईंनी कात्री ठेवून कंगवा काढला. आईने पुन्हा जीव एकवटला. आण्णा हसून म्हणाले, "आमचा रणजित वाळलाय म्हणती."

फरीदाबाईंनी आईचा डावा हात हातात घेतला. "मावशी, आता शब्द नको. नुसतं आ म्हणा. तोंड उघडून आ." आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. काय चाललंय हे त्या खोलीत तिलाच सगळ्यांत आधी कळलेलं होतं. तिने तोंड उघडलं आणि आवाज काढला, नुसता लांबलचक आ.

"लटक्यांचं पातेलं अजून द्यायचं ऱ्हायलंय म्हणती," आण्णा म्हणाले.

मग आईने डावा हात सोडवून घेतला आणि कानाला लावला. फरीदाबाईंनी विचारलं, "कान दुखतो?" आईने मान हलवली, नाही. "यांच्या कानातलं ते?" आईने डोळे मिटून घेतले आणि मान होकारार्थी हलवतच राहिली. एवढे महिने ती हेच सांगत होती. नवरा समोर बसून दिवसभर कुणा दुसरीशीच बोलतोय हे तिला कळत होतं. ती पाणी मागायची, तो चहा आणायचा. ती दुखतंय म्हणायची, तो हसायचा.

रणजित गच्चीवर गेला. मूळ आवाज इंटरनेटवरून त्याच्या फोनमध्ये साठवून ठेवायचं एक सेटिंग होतं, ते त्याने परीक्षणासाठी म्हणून पहिल्याच दिवशी चालू केलेलं. त्याने उन्हाळ्यातली ती सकाळ शोधून काढली. आधी आईचा नेहमीचा आवाज, मग भांडं पडल्याचा, मग बराच वेळ नुसती पेपरची सळसळ. मग ती ओरडू लागली. शब्द नव्हते, पण ही हाक आहे हे कुणालाही, लहान पोरालाही कळलं असतं. आणि त्या हाकेनंतर अगदी जवळून आण्णांचा शांत आवाज, "बरं बरं, आन सावकाश, काय घाई न्हाई." पुन्हा हाक. पुन्हा, "व्हय, मीबी त्येच म्हणत हुतो." दुपारपर्यंत हे चाललं होतं. रणजितने ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण न ऐकण्याचा हक्क आपल्याला उरला नाही असं त्याला वाटलं. मग तो टाकीला टेकून रडला.

खाली येऊन तो आण्णांसमोर बसला. "आण्णा, तुम्हाला ऐकू येतं ते आईचं बोलणं न्हाई. यंत्र मनानंच बोलतंय."

"आवाज तिचाच हाय."

"आवाज तिचा हाय. पण बोलणं तिनं मला पूर्वी धाडलेल्या निरोपांवरनं रचलेलं."

"म्हंजी तिचंच की," आण्णा म्हणाले.

ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी, तवाबी?"

रणजितने होकारार्थी मान हलवली, आणि आण्णांना कळायचं ते कळलं. ते म्हणाले, "बंद कर." रणजितने पासकोड घातला आणि घरचा आवाज शून्यावर आणला. आण्णा उठून खाटेपाशी गेले. आई त्यांच्याकडे आशेने बघत होती, डोळे चमकत होते. तिने बोलायला सुरुवात केली, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच आण्णांनी तिला ऐकलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते शेवटपर्यंत उभे राहिले. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर आण्णा आईजवळ बसेनासे झाले. तिला भरवायचे, तिची कूस बदलून द्यायचे, कपडे धुवायचे, कशात कुचराई नाही, पण नजर टाळून, आणि काम झालं की ओट्यावर. फरीदाबाई पुन्हा येऊ लागल्या. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. मोलाचे महिने निघून गेलेत, त्या म्हणाल्या, आता एखाददुसरा शब्द आला तरी मिळवलं. आई थोडे दिवस तक्त्यावर बोट ठेवून पाणी मागायची, दुखतंय म्हणून सांगायची, आणि ते तिला मिळायचंही. पण दाराकडे बघत पडून राहण्यात तिचा सारा दिवस जायचा. आपल्याला खरं ऐकायला हवं म्हणून ती महिनोन्‌महिने झगडली होती. नवऱ्याने ते एकदाच ऐकलं आणि तो तिच्यापासून उठून गेला.

रणजितने सगळं सदरात लिहिलं. स्वतःची चूक, लावलेलं सेटिंग, ती सकाळ, काहीही हातचं न राखता. त्याला वाटलं लोक शिव्या घालतील. काहींनी घातल्याही. पण निम्म्याहून जास्त पत्रं वेगळीच होती. एका बाईंनी विचारलं होतं, माझ्या मिस्टरांना स्मृतिभ्रंश आहे, ते आता मला ओळखत नाहीत, त्यांचे जुने निरोप माझ्याकडे आहेत, तर हे सेटिंग पूर्ण वर कसं न्यायचं? एका मुलाने विचारलं होतं, माणूस समोर नसला आणि नुसता पंखा चालू असला तरी यंत्र बोलेल का? रणजितने एकालाही उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी सदर आलं नाही, त्याच्या पुढच्याही आलं नाही. नातेवाइकांचे फोन यायचे, नवा मोबाईल घेतलाय, जरा लावून दे. तो सांगायचा, तुमचं तुम्ही लावा.

थंडीत तो पुन्हा इचलकरंजीला आला. आण्णा ओट्यावर उन्हात बसले होते, रिकाम्या कानांनी. आई आत, दाराकडे तोंड करून. रणजित खाटेवर बसला तशी तिने डाव्या हाताने त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला आणि त्यातला फोन ओढून काढायला लागली.

"काय पाहिजे? कुणाला लावू फोन?"

तिने नकारार्थी मान हलवली. फोन त्याच्या हातात दाबला आणि ओट्याकडे बोट दाखवलं. मग पुन्हा फोनकडे. रणजितला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"आई, त्यांना तुझं काहीच ऐकू येणार न्हाई. तू जीव तोडून सांगितलंस तरी न्हाई."

तिने होकारार्थी मान हलवली. हे तिला ठाऊक होतं, त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने त्याच्या गालावर हात ठेवला, लहानपणी औषध पाजताना ठेवायची तसा, आणि पुन्हा बाहेर बोट दाखवलं.

रणजितने पासकोड घातला. त्याने घरचा आवाज सगळ्यांत वर नेला आणि बाहेर जाऊन आण्णांच्या समोर उकिडवा बसला. मोठ्याने, ओठ नीट हलवत म्हणाला, "चालू केलंय. आईनं करायला लावलंय."

आण्णांनी त्याचे ओठ वाचले. मग खिशातून यंत्र काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं, कानात घातलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. आत जाऊन खाटेशेजारची खुर्ची पुढे ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोकडे सरळ बघितलं.

"हं," ते म्हणाले. "बोल."

आईने तोंड उघडलं आणि आवाज काढला. या वेळी तिने शब्दासाठी जोर लावला नाही, शिरा ताणल्या नाहीत. नुसता आवाज, जमेल तसा, आणि नजर आण्णांच्या चेहऱ्यावर. आण्णांच्या तोंडावरची रेघ हलली. ते डोळे पुसत हसले.

"च्या ठेवू का म्हणती," त्यांनी रणजितला सांगितलं, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ठेव की."

रणजित उठला, स्वयंपाकघरात गेला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं.